कवळीकराच्या फळीवरचा इतिहास

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली कवळीकर म्हणते. खरं आडनाव पोस्टमनलाही आठवत नसावं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो याच्याकडे येतो. हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो आणि त्या साच्यावर कवळी तयार करतो, कधी पूर्ण तर कधी दोन-चार दातांचीच. पेशंटचं तोंड याला कधी दिसत नाही. तेवीस वर्षं लोकांचे दात घडवतोय, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की याचीच दातखीळ बसते.

मी वरच्या मजल्यावर राहते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. सगळं ऐकायचं आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा ठेवायचा, ही सवय हाडात मुरली आहे. तिचं कौतुक नको. तिच्यापायी एकदा माझ्या भाचीचं नुकसान झालं, तेच सांगायला बसले आहे.

भाची म्हणजे ठकी. आता अकरा वर्षांची. शाळेत ती दोन वर्षं एक शब्द बोलली नाही. घरी तोंडाचा पट्टा चालू आणि शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की कुलूप. पोरं मुकी म्हणायची. पुढे पुढे रोज सकाळी दप्तर बघूनच उलट्या व्हायला लागल्या. माझी भावजय दवाखान्यात नर्स आहे. तिनं एक दिवस ते दप्तर उचललं, माळ्यावर टाकलं आणि म्हणाली, "बस झालं. घरीच शिकवू." अशा मुलांकडे वर्षातून एकदा तपासनीस बाई येतात, मुलाचं काम बघतात, शेरा लिहितात. लागोपाठ दोन वर्षं शेरा वाईट आला की मूल परत शाळेत.

गणित आणि भाषा भावजय शिकवायची. इतिहास कवळीकराकडे होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

शाळेत हा स्वतः इतिहासात दोनदा नापास झालेला. पुढे कधीतरी हौस म्हणून प्लास्टरची एक तटबंदी केली आणि म्हणे डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक गट दर शनिवारी जमायचा. तिथेही हाच मंत्र, हातानं करा, डोक्यात राहील. खोटं नाही हो ते! तिथल्या बसड्रायव्हरच्या जुळ्या मुली मातीचं गलबत करायच्या, बादलीत सोडायच्या, बुडालं की का बुडालं यावरून झिंज्या उपटायच्या, आणि जुने व्यापारी कुठून कुठे गेले ते घडाघडा सांगायच्या. त्या पोरींना ते मानवलं. म्हणून ठकीलाही मानवणार, असं यानं धरूनच टाकलं.

ठकीला ओलं प्लास्टर बोटाला लागलेलं सहन होत नाही. ती हात अंगापासून लांब धरून उभी राहायची आणि विचारायची, "बाबा, हा तट बांधणारे जेवायला कुठे जायचे?"

"आधी विटा कर."

"त्यांना कोणी जबरदस्तीनं आणलं होतं का?"

"ठके, विटा!"

मग चार वाकड्या विटा व्हायच्या. कवळीकराला वाकडं बघवत नाही, धंदाच तसला. तो "आण इकडे" म्हणायचा आणि उरलेल्या चाळीस स्वतः पाडायचा. पहिल्या वर्षी बाईंनी शेरा लिहिला, की इतिहासात मुलीचं स्वतःचं काम दिसलं नाही.

मी त्याला म्हटलं, "कवळी टोचते अशी तक्रार आली तर तू कवळी घासतोस की पेशंटचा जबडा?"

"ताई, तुझं आपलं काहीतरीच," म्हणाला, आणि नव्या तटबंदीला बुरूज चिकटवायला लागला. माझा पारा चढला, पण मी वर निघून गेले.

त्याच्या कामाच्या खोलीत चार फळ्या आहेत. त्यांवर आजवरचे सगळे साचे, खचाखच. एक टाकून देईल तर शपथ! प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं तारीख आणि डॉक्टरांचं नाव लिहिलेलं, आणि मांडणी डॉक्टरांप्रमाणे. दुसऱ्या वर्षी दुपारी हा कवळ्या पोचवायला बाहेर पडला की ठकी ते साचे खाली काढायला लागली. वाळलेल्या प्लास्टरचं तिला काही वाटत नाही. याचा रोज हात लागतो ती फळी शेवटी ठेवून ती बाकीचे वर्षांप्रमाणे लावत होती, मध्ये मध्ये वर्षाची चिठ्ठी.

"आत्या, हे बघ," तिनं मला दाखवलं. "जुन्या साच्यांत पुढच्या दाताला बारीक खाच आहे. सोळा जणांना आहे. नंतरच्यांना नाही."

मी चष्मा लावला. होती खरी. मी सांगितलं, की इथे सूतगिरणी होती, तिथले लोक दोरा दातानं तोडायचे. गिरणी बंद पडली तेव्हा ठकीचा जन्मही झाला नव्हता. पोरीनं माझ्याकडून गिरणीचं सगळं काढून घेतलं. भोंगा किती वाजता व्हायचा, बायकांना कामावर घ्यायचे का, बंद झाल्यावर लोक कुठे गेले. शेवटी म्हणाली, "पुरं झालं की मीच बाबांना दाखवणार. तू बोलू नकोस." मी कबूल झाले.

तपासणीला दहा दिवस असताना कवळीकर दुपारी लवकर परतला आणि फळ्या बघून त्याचं टाळकं सटकलं. "सगळ्या डॉक्टरांचे साचे एकत्र? कोणाची कवळी तुटली तर मी साचा कुठे हुडकू? खेळायला हेच सापडलं?" त्यानं चिठ्ठ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक साचा जुन्या जागी नेऊन ठेवला. दोन महिन्यांचं काम. ठकी दाराआड जाऊन उभी राहिली. आणि मी? मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकलं. बापलेकीत नाक कशाला खुपसा, म्हणून वर गेले. माझा मलाच अजून राग येतो.

तपासणीच्या दिवशी टेबलावर तटबंदी, धान्याचं कोठार, जहाज, सगळं देखणं. बाईंनी तटबंदी उचलून ठकीला विचारलं, "ही करायला किती दिवस लागले गं?"

आठ दिवस म्हण, असं बापानं आदल्या दिवशी पढवलं होतं. ठकीचे ओठ घट्ट मिटलेले. कवळीकर म्हणाला, "आठ..." आणि थांबला. मग मान खाली घालून म्हणाला, "नाही. मी केली ती. हे सगळंच मी केलंय."

"मग हिचं काय आहे?"

त्यानं खोलीभर पाहिलं. ठकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग मात्र मी कबुलीबिबुली गुंडाळून ठेवली. "हिचं काम त्या फळ्यांवर होतं," मी म्हटलं. "यानं ते खेळ समजून मोडलं." काय काम होतं तेही सांगून टाकलं.

बाई उठून फळ्यांपाशी गेल्या. म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. लिहून हवं. आणि त्याबद्दल मुलीनं स्वतः माझ्याशी बोलायला हवं, एक वाक्य का होईना. नाहीतर शाळा."

त्यानं डॉक्टरांना फोन करून कामं पुढे ढकलली आणि जमिनीवर मांडी घातली. आता ठकी सांगायची आणि हा साचे काढून द्यायचा. एकदा सवयीनं "अगं, तो सरळ ठेव" म्हणाला, मग स्वतःच जीभ चावली. सहा दिवसांत फळ्या लागल्या, वहीची पानंही भरली. एकच वर्ष अडलं. गिरणी बंद झाल्यानंतरचं. त्या वर्षाचे चारच साचे होते.

"लोकांनी दात करून घेतले नाहीत, एवढं कळलं," ठकी पेन्सिल धरून म्हणाली. "पण बाबा, त्या वर्षी तुम्ही काय करत होतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना त्यानं सांगितलं होतं, की दुसऱ्या शहरात नवीन यंत्रावर शिकायला गेलो होतो. लग्न जमवतानाही तेच सांगितलं होतं, आणि भावजय तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"हे नाही लिहिलं तर चालणार नाही का?" तो म्हणाला.

"मग ते पान कोरं राहील."

त्यानं हातातला साचा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "हॉटेलात भांडी घासत होतो."

भावजयीचे हात थांबले. "अहो, माझ्या वडिलांना तुम्ही काय सांगितलं होतंत?"

"खोटं सांगितलं होतं. लाज वाटत होती."

मग ती म्हणाली, "आणि घरी साधा कप विसळायला हात दुखतात?" घडी घातलेला सदरा तिनं परत विस्कटला, पण ती उठून गेली नाही. ठकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती म्हणाली, "कुठल्या महिन्यापासून, बाबा?"

पंधराव्या दिवशी बाई आल्या. वही घेऊन खुर्चीत बसल्या, एकेक पान वाचत गेल्या. त्या पानाशी थांबून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "या वर्षी चारच कवळ्या झाल्या. कवळ्या करणारा माणूस जून ते मार्च हॉटेलात भांडी घासत होता." वर बघून म्हणाल्या, "हे खरं कशावरून?"

ठकी उभी. ओठ मिटलेले. भावजयीनं दाराची चौकट धरली. कवळीकर काही बोलणार, एवढ्यात पोरीनं त्याच्याकडे बोट केलं.

"हेच ते," ती म्हणाली. आवाज पार घोगरा. "मी विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं."

बाईंनी कवळीकराकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. बाईंनी पेन काढलं आणि शेरा लिहिला, की काम मुलीचं स्वतःचं आहे.