गोणीचा श्वास

श्वासबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पेशंटांनी ठेवलेलं. दुखणं पाठीचं असो, मानेचं असो की गुडघ्याचं, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणि श्वास कुठे अडकतो?" कंबर धरून आलेला माणूस गोंधळायचा, आपण चुकीच्या खोलीत तर नाही ना शिरलो म्हणून दारावरची पाटी पुन्हा वाचायचा. मग बाहेरच्या बाकावरचे जुने पेशंट त्याची समजूत घालायचे, "बाई तशाच आहेत. पाठ दाखवायला गेलात की नाक तपासतात. पण जा तुम्ही, हात चांगला आहे."

बाईंना निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले. दुपारी खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या की त्यांच्या डोळ्यांपुढे रुग्णालयाचा तो वरचा मजला येतो. शेक द्यायच्या वितळलेल्या मेणाचा आणि रबरी चटयांचा एकमेकांत मिसळलेला वास, छताला टांगलेल्या दोऱ्या आणि कप्प्या, हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेले चालायचे लाकडी कठडे, आणि कोपऱ्यात पारा उडालेला मोठा आरसा. त्या आरशात किती जणांनी आपल्याच पायांकडे अविश्वासाने बघितलं असेल!

या सगळ्याची सुरुवात मात्र रुग्णालयात झाली नव्हती, घरात झाली होती. बाईंचे वडील घरसामान हलवायचं काम करत. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते जोडीदाराला म्हणायचे, "दम धर." आणि स्वतः छातीत जो दम भरायचे तो वरच्या मजल्यावर ओझं टेकल्यावरच सोडायचे. पुढे पाठीने दगा दिला. कामं सुटली, दुखणं मात्र जे चिकटलं ते गेलं नाही. मुलीच्या मनात रुतून बसलं ते भलतंच. कपाट पाठीवर घेऊन जिने चढणारा हा माणूस सकाळी विजारीत पाय घालताना डगमगायचा. एका पायावर त्याला क्षणभर उभं राहता येत नसे. पलंगाच्या कडेला बसून, ओठ मिटून, श्वास कोंडून तो विजार चढवायचा आणि झाल्यावर 'हुश्श' करायचा. पाठ, श्वास आणि तोल या तिघांचं आपसात काहीतरी शिजतंय, असं तिला तेव्हापासून वाटे. काय ते मात्र कळत नसे.

फिजिओथेरपी शिकल्यावर थोडं कळलं. आपण स्तब्ध उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण शरीर सारखं बारीक झुलत असतं. प्रत्येक श्वासाबरोबर छाती-पोट पुढे येतं आणि कंबर गुपचूप मागे सरून ते सावरून घेते. आता ज्याची कंबर दुखून ताठरली आहे, त्याला हे सावरणं जमत असेल का? की त्याचा प्रत्येक श्वास त्याला थोडासा ढकलत असेल? बाईंनी हे विभागप्रमुखांना विचारलं. ते जाडजूड, रागीट आणि मनाने मऊ असे गृहस्थ होते. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण पेशंटांना वाट बघायला लावून नको. वेळ काढा आणि शोधा."

यंत्र हवं होतं. ते बनवलं मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे रुग्णालयातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा, जेमतेम तिशीचा, शब्द मोजून मापून वापरणारा माणूस. त्यांनी एक लोखंडी पाट तयार केला. त्यावर माणूस उभा राहिला की त्याचं वजन जसं सरकेल तशी एक लेखणी कागदाच्या सरकत्या पट्टीवर रेघ काढायची. पहिल्याच दिवशी बाई स्वतः डोळे मिटून उभ्या राहिल्या. रेघ बघून म्हणाल्या, "हे काय? कोंबडी पाय ओढत गेल्यासारखं?"

"तुम्हीच गेलात," मिस्त्री म्हणाले.

पाठदुखीचे पेशंट सकाळी कामावर जायच्या आधी यायचे. तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती, ती रुग्णालयातलीच, जेवणाच्या सुट्टीनंतर तावडीत सापडायची. पेशंटांत एक पडदे शिवणाऱ्या काकू होत्या. दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून त्यांचा कणा कमानीसारखा झाला होता. श्वास आखूड आणि भराभर, तोंड त्याहून भराभर. पाटावर गप्प उभं राहणं हीच त्यांना शिक्षा वाटे. दुसरे एक आजोबा होते, जन्मभर इतरांना पोहायला शिकवत आलेले. त्यांचा श्वास इतका संथ की मध्येच बाईंना त्यांच्या नाकाकडे निरखून बघावं लागे.

महिन्यांमागून महिने गेले. पट्ट्यांच्या गुंडाळ्यांनी कपाट भरलं. आणि एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. पेशंटांच्या वेड्यावाकड्या रेघेवर एक संथ, नियमित लाट स्वार झालेली असायची. धडधाकट माणसांच्या रेघेवर ती नसायची. लाटेची चाल साधारण श्वासाचीच. बाईंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. विभागप्रमुखांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, घबाड सापडलं की तुम्हाला." एका मोठ्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. बाईंनी नवीन चपला घेतल्या.

पण मांडणीसाठी नमुने निवडताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काकूंची पट्टी आणि आजोबांची पट्टी त्यांनी एकावर एक ठेवली. काकू धापा टाकल्यासारख्या श्वास घेतात, आजोबा समुद्रासारखा. मग दोघांच्या लाटेची चाल सारखी कशी? त्यांनी पट्ट्या बाजूला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या. चाल तीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत बाईंनी वजनं बांधायच्या कोपऱ्यातून एक वाळूची गोणी ओढत आणली, पाटावर ठेवली आणि लेखणी सुरू केली. मिस्त्री आले तेव्हा बाई जमिनीवर मांडी घालून पट्टीकडे बघत होत्या.

"हे काय, आज गोणी?" त्यांनी विचारलं.

"हो."

मिस्त्रींनी रेघ बघितली. रेघेवर संथ, नियमित लाट होती. "आणि ही?"

"तिचा श्वास," बाई म्हणाल्या.

मिस्त्री जमिनीवर पालथे झाले आणि त्यांनी फरशीला कान लावला. मग उठून जिना उतरले. मागोमाग बाई. बरोबर खालच्या मजल्यावर रुग्णालयाचा धुलाई विभाग होता. चादरींनी गच्च भरलेली जुनी अजस्र पिंपं संथपणे गरगरत होती, आणि प्रत्येक फेऱ्याला ओल्या चादरींचा गोळा वरून खाली धप्पकन पडत होता. वरची फरशी त्याच तालावर हलत होती. पायांना कळणारही नाही इतकी, पण लेखणीला कळेल इतकी. धुलाई सकाळी चालायची. जेवणाच्या सुट्टीनंतर पिंपं बंद. म्हणजे पेशंट उभे राहिले ते हलत्या जमिनीवर, आणि धडधाकट माणसं स्थिर जमिनीवर.

बाई वर आल्याच नाहीत. मधल्या पायरीवरच बसल्या. रडू आवरेना. इतक्या लोकांच्या सकाळी, इतक्या गुंडाळ्या, सगळं मुसळ केरात. मिस्त्री दोन पायऱ्या खाली बसले. म्हणाले, "यंत्र खोटं बोललं नाही. जे हललं ते त्याने काढलं."

"म्हणजे मी खोटी?"

"तुम्ही गोणी ठेवलीत," मिस्त्री म्हणाले, आणि खिशातला रुमाल पुढे केला. त्याला यंत्राच्या तेलाचा वास येत होता.

बाईंनी जाऊन विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी टेबलावर हात आपटला, मग खुर्चीत मागे रेलले, आणि हळूहळू त्यांचं पोट गदगदायला लागलं. "म्हणजे इतके दिवस आपण चादरींची पाठदुखी मोजत होतो!" हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. परिषदेला नकार कळवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि तळमजल्यावरची मोडक्या खाटांची खोली बाईंना दिली. "तिच्याखाली फक्त माती आहे. आता काही बहाणा चालणार नाही."

ती खोली बाईंनी आणि मिस्त्रींनी मिळून झाडली, पुसली, भिंतींना रंग दिला. खोली जमिनीत निम्मी रुतलेली, म्हणून एकच खिडकी, तीही बाहेर चालणाऱ्यांच्या घोट्यांच्या उंचीवर. पाट बसवल्यावर पहिला मान गोणीला मिळाला. रेघ सुतासारखी सरळ आली. दोघं कितीतरी वेळ त्या सरळ रेघेकडे बघत राहिले.

आता पेशंटांना कोणत्या तोंडाने पुन्हा बोलवायचं? बाईंनी सुरुवात काकूंपासून केली. काकू पडद्याला अस्तर लावत होत्या. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या श्वासात काही नव्हतं?"

"माहीत नाही, काकू. तेच पुन्हा बघायचंय."

"मग बघा की. उभंच तर राहायचंय. मला दिवसभर बस बसच म्हणतात सगळे, उभी राहा म्हणणाऱ्या तुम्हीच एक." आणि इतरांना गोळा करायचं काम काकूंनी अंगावर घेतलं. त्यांच्या जिभेपुढे कुणाचं चाललं असतं? बहुतेक सगळे आले. पोहायला शिकवणारे आजोबा मात्र मधल्या काळात गेले होते. त्यांच्या नावाची उरली ती चादरींच्या लाटेवर डोलणारी जुनी पट्टी. बाईंनी ती टाकली नाही.

या वेळी मिस्त्रींनी छातीला बांधायचा एक ताणला जाणारा पट्टाही केला. एक लेखणी तोलाची रेघ काढी, दुसरी श्वासाची. पेशंट आणि धडधाकट माणसं सकाळ-दुपार मिसळून येऊ लागली.

मोजणीत धरणार नव्हत्या, तरी एके दिवशी बाईंनी वडिलांनाही तिथे आणलं. काठी भिंतीशी ठेवून ते पाटावर चढले. छाती फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"बाबा, श्वास सोडा."

"सोडला तर पडेन."

"नाही पडणार. मी आहे ना मागे."

वडिलांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. रेघ एकदा मोठी झोकांडी खाऊन हळूहळू शांत झाली. उतरल्यावर त्यांनी पट्टी दूर धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "माझी सही यापेक्षा बरी येते." त्या दिवसानंतर विजार घालताना ते पलंगावर बसायचेच, पण तोंडाने मोठ्याने फूऽऽ करायचे, आणि मुलीकडे बघून डोळे मिचकावायचे.

निष्कर्ष आला तो घबाड नव्हता. पाठदुखीच्या माणसांना श्वास थोडासा ढकलतो हे खरं निघालं, पण थोडासाच, आणि सगळ्यांना नाही. उचलताना, वाकताना दम कोंडायची सवय असणाऱ्यांत ते जास्त दिसलं. पुढे बाईंनी निम्म्या लोकांना व्यायामाबरोबर श्वास सोडायलाही शिकवलं, निम्म्यांना नुसता व्यायाम. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. तोल मात्र श्वास शिकलेल्यांचा जरा बरा सुधारला. बाईंनी तसंच लिहिलं, एक शब्द वाढवला नाही.

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"एवढंच आहे, सर."

"मग एवढंच छापू," ते म्हणाले. कुठल्याशा लहान नियतकालिकात ते छापून आलं.

काम संपलं तशी मिस्त्रींना तळमजल्यावर यायला निमित्त उरलं नाही. तरी ते यायचे. खिडकीची कडी तपासायचे, पाट उगाच पुसायचे. एकदा पुसता पुसताच म्हणाले, "बाई, आपण दोघांनी आता पुढे काय करायचं?" बाईंना वाटलं नव्या संशोधनाचं विचारतायत. त्यांनी तीन-चार विषय सांगितले. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते करूच. मी लग्नाचं म्हणत होतो."

लग्नानंतरही ते त्यांना 'बाई'च म्हणत. "बायकोला कुणी बाई म्हणतं का?" म्हणून धाकटी नणंद किती वेळा हसली असेल, पण त्यांनी काही बदललं नाही. संसार चांगला झाला. काही वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. तेलाच्या वासाचे रुमाल बाईंनी धुवून घडी करून ठेवले, आणि मग धुतल्याबद्दल त्यांना फार वाईट वाटलं. रुग्णालयही बदललं. तळमजल्यावरच्या त्या खोलीच्या जागी आता वाहनतळ आहे.

गेल्या महिन्यात गुडघ्यांसाठी बाईंना एका फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं. पोरसवदा मुलगी, चटपटीत. तिने बाईंना खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि लगेच टोकलं, "आजी, दम नका कोंडू. उठताना श्वास सोडा. तोल चांगला राहतो."

"कुणी शिकवलं ग तुला हे?"

"त्यात शिकवायचं काय? सगळेच सांगतात."

बाईंनी श्वास सोडला आणि उठल्या. घरी येऊन काकूंना फोन लावला. काकू आता पार थकल्या आहेत, ऐकायला कमी येतं, बोलणं मात्र तसंच. सगळं ऐकून त्या तडकल्या, "मग सांगायचं नाही का तिला, हे आम्ही शोधलंय म्हणून?"

"कशाला? छान शिकवत होती पोरगी."

"तुमचं हे असंच," काकू म्हणाल्या. "बरं, गुडघा कसा आहे ते सांगा. आणि या ना एकदा. किती दिवस नुसतं फोनवरच चाललंय."

"येते," बाई म्हणाल्या. "रविवारी येते. जिना किती आहे तुमच्याकडे?"

"आहे बऱ्यापैकी. पण घाई नाही. मधे बाक आहे, टेका आणि या."