वाशीम ते मंगरूळपीर, करीमचाचाच्या सायकलीवर

जुबेदा शुक्रवारी दुपारी मंगरूळपीरहून कायमची जबलपूरला निघणार होती, आणि मी गुरुवारी संध्याकाळी वाशीमला रेल्वेतून उतरते तर काय, मंगरूळची मोटर उद्या नाहीच! लढाईमुळे पेट्रोलची बोंब, म्हणून मोटर एक दिवसाआड. अशा वेळी बाई एकतर रडत बसते, नाहीतर सायकल शोधते. रडायला मला वेळ नव्हता.

जुबेदा आणि मी अकोल्याच्या शाळेत एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. पुढं ती मंगरूळला सून म्हणून गेली, मी मास्तरीण झाले. आता तिच्या नवऱ्याला जबलपूरच्या कारखान्यात काम लागलं होतं. तिथून ती कधी येणार आणि मी कधी जाणार! निघताना आईनं कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी हातात दिली होती. आमच्या घरचं लोणचं म्हणजे जुबेदाचा जीव की प्राण.

वाशीमला सायकल भाड्यानं मिळते, पण ओळखीच्या माणसानं हमी द्यावी लागते. माझी आत्या तिथलीच, म्हणून निभावलं. दुकान करीमचाचांचं. पांढरी दाढी, ग्रीसनं काळी झालेली बोटं. त्यांच्या सगळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डवर हिरवा पट्टा असतो. मी नऊवारी नेसून आलेली पाहून ते हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी सीट खाली केली, हवा दाबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, सायकल तुमची, पन रस्त्यानं कोनी हात केला त थांबा लागते. आपला दस्तूर हाय."

"काहून?"

"थांबा, मंग समजन."

सकाळी उजाडता उजाडता निघाले. जाणाऱ्यांना सांगते: थंडीचे दिवस धरा, पंप आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा, आणि बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालू नका. चाकोरी तुम्हाला आपल्याच मर्जीनं नेते आणि शेवटी आडवं पाडते. सगळा मुलूख पठाराचा. चढ आला की जीव नकोसा होतो, उतार आला की आपल्यासारखं सुखी कोणी नाही असं वाटतं. दोन्ही बाजूंना तूर फुललेली, कपाशीची बोंडं उकललेली, वेचणाऱ्या बायांचं बोलणं वाऱ्यावर येत होतं. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात लिंबाखालून एका म्हातारीनं हात केला. थांबले. तिनं ओवा-सुंठीचं गाठोडं हँडलला अडकवलं. "करीमची सायकल ना? पुढच्या वाडीत माही पोरगी बाळंतीन हाय. तिले देजा."

मी कोण, कुठली, काही विचारलं नाही! सायकलीचा हिरवा पट्टा पाहिला आणि झालं. त्या वाडीत बाळंतिणीच्या सासूनं ताक पाजल्याशिवाय सोडलं नाही. पुढं एकानं दुरुस्त झालेला चष्मा दिला, मंगरूळच्या शिंप्याला द्यायला. आणखी पुढं एका शेतकऱ्यानं नुसता निरोप दिला, की मंगरूळच्या पाहुण्याले सांगजा, गाय व्याली. सायकल भाड्यानं घेतली की आपण आपोआप टपालवाले होतो, हे कोणी आधी सांगावं की नाही? ऊन वर येत होतं आणि माझं डोकं तापत होतं. शुक्रवारची नमाज झाली की जुबेदाची मोटर, ती दुसऱ्या वाटेची, मंगरूळहून सुटणार.

शेलूबाजारला पोचले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. तिथल्या हॉटेलात भजी गरम मिळतात आणि चहा गुळाचा, कारण साखर दिसत नाही. जाल तर भजी खाच. हॉटेलवाला फडक्यानं बाक पुसत म्हणाला, "बाई, एवढी घाई कायची हो?"

मी अक्षरशः फाडकन बोलले, "मैत्रीण चालली जबलपूरला! मोटर सुटली की संपलं! आणि तुमचे लोक दर झाडाखाली मला थांबवून राह्यले!"

डोळ्यांत पाणी आलं, ते चहाच्या वाफेवर ढकललं. शेजारी कापडाचे गठ्ठे सायकलीला बांधणारा एक फेरीवाला उभा होता, त्याच्याकडं हॉटेलवाल्यानं नुसतं पाहिलं.

पुढच्या चढावर तोच फेरीवाला मला मागं टाकून गेला. एवढं ओझं, तरी लांब पायांनी सपासप! घंटी वाजवली, मान वळवूनही पाहिलं नाही. याला कोणी हात करत नाही, आणि मलाच बरा हात करतात. चांगलीच चिडले मी.

मंगरूळपीरला शिरले तेव्हा दर्ग्याकडून नमाज आटोपून माणसं परतत होती. आता कसली मोटर, म्हणत अड्ड्यावर आले, तर मोटर उभी! कोळशाच्या भट्टीवर चालणारी. ड्रायव्हर पंख्यानं भट्टीला वारा घालत होता आणि आतले उतारू त्याच्या नावानं शिव्या मोजत होते.

"भट्टीच पेटून नाही राह्यली, मी काय करू!" तो ओरडला.

"सुमे!" जुबेदा बुरखा सावरत उतरली आणि माझ्या गळ्यात पडली. ती रडली, मी रडले, मग माझी धुळीनं भरलेली नऊवारी पाहून हसत सुटली. बरणी तिनं छातीशी धरली. "तुझ्या अम्मीजानला माझा सलाम सांग," एवढंच म्हणाली.

ती आत बसायचा अवकाश, भट्टी धडाडली. मोटर गेलीसुद्धा.

"एवढ्यात पेटली?" मी म्हणाले.

जुबेदाची सासू शेजारी डोळे पुसत उभी होती. "अगं पोरी, तो कापडवाला येऊन सांगून गेला न, करीमच्या सायकलीवर जुबेदाची मैतरीन येऊन राह्यली म्हनून. मंग ड्रायव्हरनं ओले कोयसे टाकले भट्टीत. तू दिसली तवा कोरडे टाकले."

मी तिथंच धुळीत बसले.

चष्मा दिला, गाईचा निरोप सांगितला, रात्री सासूबाईंनी जुबेदाच्याच पलंगावर निजवलं. दुसऱ्या दिवशी परतताना शेलूबाजारला हॉटेलवाल्याला काय बोलावं सुचेना. त्यानंच भज्यांची बशी पुढं सरकवली. "भेटली न? खा मंग." कोणी हात केला नाही तरी मीच झाडाखाली थांबून विचारत होते, वाशीमला काही न्यायचंय का? करीमचाचांनी सायकल घेतली, पट्ट्यावरची धूळ पुसली. "समजलं?" म्हणाले. मी मान हलवली.

अकोल्याला आईनं दारातच विचारलं, "बरणी?"

"गेली जबलपूरला. घाईत लोणचं काढून बरणी परत घ्यायची राहिली."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजीच्या वेळची बरणी ती. आई पदराला हात पुसत म्हणाली, "बरं झालं. दुसऱ्याची बरणी कोणी ठेवून घेत नाही, आणि रिकामी तर देतच नाही. येईल ती."

याला दोन हिवाळे झाले. जुबेदा अजून आली नाही. फळीवरची बरणीची जागा आईनं रिकामीच ठेवली आहे. मी तिथं चहाचा डबा ठेवला, तर तिनं उचलून खाली ठेवला.