आपोआप लागणारं खुराड्याचं दार

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि माझ्या लक्षात आलंय की दर वेळी सांगताना मी तीत थोडा थोडा शहाणा होत जातो. तेव्हा जिथे जिथे मी हुशार वाटेन, तिथे तिथे शंका घ्या. जिथे मूर्ख वाटेन, ते बहुधा जसं घडलं तसंच आहे.

तर झालं काय, की मी एका बाईच्या कोंबड्यांना दार करून दिलं. बस, एवढंच. माणसं आयुष्यात पूल बांधतात, धरणं बांधतात, आणि मी एक दार केलं, तेही हातभर रुंदीचं. पण त्या दाराने मला जितकी वर्षं झोपेतून उठवलंय, तितकी वर्षं कुठल्या धरणाने कुठल्या इंजिनियरला उठवलं नसेल.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नागपूरहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून बालाघाटच्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो. राहायला आमच्याच लोकांच्या वस्तीत खोली घेतली होती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरची ती वर्षं. वस्तीत शिकलेल्या माणसाला काय मान होता, आता काय सांगू! मी रस्त्याने निघालो की बिड्या विझत. कुणाचं पोर तापलं तरी मला विचारत, कुणाची विहीर आटली तरी मलाच. मी सांगायचो की बाबांनो, मी पदार्थविज्ञान शिकलोय, डॉक्टर नाही. त्यावर म्हणत, "एवढं शिकलेल्याले सगळंच येत असन जी."

आणि खरं सांगू? मलाही हळूहळू तसं वाटायला लागलं होतं.

माझ्या शेजारी भागरथामावशी राहायच्या. एकट्या. हंगामात राईस मिलमध्ये कामाला जायच्या आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी यायच्या. मुलगी शेवंता बाळंतपणाला माहेरी आली होती, पहिलटकरीण, सातवा सरलेला. दवाखान्यात सांगितलं होतं की अंगात रक्त कमी आहे, बाईला खायला घाला. म्हणून मावशींनी पावसाळ्यापासून सात कोंबड्या वाढवल्या होत्या. अंडी आता, आणि बाळंत झाल्यावर रस्सा. एकेक कोंबडी कुठल्या आठवड्यात कापायची हेही त्यांच्या मनात ठरलेलं होतं.

अडचण होती ती संध्याकाळची. अंधार पडायच्या आत कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात जात, पण दार लावायला मावशी घरी नसायच्या. शेवंताचे पाय सुजलेले, खुराडं परसात पार कुंपणाशी, आणि तिला वाकणं जमत नव्हतं. मागच्या अंगाला झुडपं, त्यात रानमांजर फिरायचं. दोन पिल्लं त्याने आधीच नेली होती.

हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. कुंपणापलीकडचं बोलणं माझ्या कानावर आलं. मला कुणी विचारलंही नव्हतं, हा मुद्दा लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात वाचलं होतं, की तिकडे कोंबड्यांच्या घरांना आपोआप लागणारी दारं असतात. कुठे घड्याळावर चालतात, कुठे विजेवर. आमच्या वस्तीत वीज नव्हती, आणि घड्याळ एकच, माझ्या मनगटावर. पण डोक्यात किडा शिरला. वीज नको, घड्याळ नको, दार लावायला खुद्द कोंबड्याच पुरेत!

कल्पना अशी. खुराड्यात कोंबड्यांना बसायला आडवी बांबूची दांडी. तिचं एक टोक मागच्या भिंतीला बिजागरीने जोडलेलं, दुसरं टोक दोरीला टांगलेलं. ती दोरी वरच्या कप्पीवरून दाराच्या, खालून वर सरकणाऱ्या फळीला. कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांच्या वजनाने दांडी खाली, दांडी खाली गेली की फळी वर, आणि दार बंद. सकाळी कोंबड्या उतरल्या की फळी खाली, दार उघडं. कुणी यायला नको, जायला नको. आहे की नाही?

आणि त्यात माझी खास हुशारी. फळीला मी दगड बांधून तिचं वजन असं नेमकं केलं, की ती उचलायला साडेसहा कोंबड्या लागाव्यात. म्हणजे सहा आत आणि एक बाहेर राहिली तर दार लागणारच नाही. सातवी येऊन बसली की लागेल. एकही कोंबडी बाहेर अडकायला नको! यासाठी मी सातही कोंबड्या थैलीत घालून वाण्याच्या काट्यावर तोलून आणल्या. वाणी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी तेव्हा आदराची समजलो.

रविवारी सकाळी प्रात्यक्षिक झालं. दांडीवर सारख्या अंतराने वाळूच्या सात पिशव्या टांगल्या. फळी सरसर वर गेली. एक पिशवी काढली, फळी खाली. वस्तीतली माणसं बघत उभी होती. रेल्वेत गँगमन असलेले दयारामदादा, ज्यांना कुणाचंच काही पटत नसे, तेही म्हणाले, "बाप्पा! हे त सिग्नलसारखं काम करून राह्यलं."

संध्याकाळी मी कोंबड्या कशा बसतात ते बघायला खुराड्यापाशी जाऊन उभा राहिलो, तर त्या आतच जाईनात. मावशींची त्या दिवशी सुट्टी होती. त्या म्हणाल्या, "सर, तुमी जा, जेवून घ्या. मानूस उभं असलं का कोंबड्या बसत नाही जी." मी गेलो, जेवलो, तासाभराने बॅटरी घेऊन आलो.

दार बंद!

त्या रात्री मला जी झोप लागली, तशी एम. एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही लागली नव्हती. पुढे आठवडाभर हेच. कॉलेज आणि शिकवण्या आटोपून रात्री घरी यायचो, जेवण करून बॅटरी मारायचो, दार बंद. सकाळी उठून बघायचो, दार उघडं, कोंबड्या अंगणात. मी एका वहीत नोंदीही ठेवल्या. या विषयावर एखादा लेख लिहावा असं मनात येऊ लागलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मावशींनी मला जेवायला बोलावलं. ज्याने आपल्यासाठी घाम गाळला त्याला कोरडं पाठवायचं नाही, ही त्यांची रीत. मी गेलो, तर चुलीवर रस्सा शिजत होता. आता तुम्ही विचाराल, की कोंबडी कुठून आणली हे तुमच्या लक्षात आलं नाही का? आलं ना. मी म्हणालोसुद्धा, "मावशी, शेवंताची कोंबडी कशाला कापलीत?" असं म्हणालो असं मला आठवतं. पण मघाशी सांगितलं तसं, इथे शंका घ्या. एवढं नक्की, की म्हणालो असलो तर एकदाच, आणि हळू.

तांदळाची भाकर होती, वर भात होता. तंगडी माझ्या ताटात वाढली. मी दुसऱ्यांदाही रस्सा घेतला. दयारामदादाही जेवायला होते. शेवंता भिंतीला टेकून बसली होती, तिने दोन घास खाल्ले असतील.

जेवता जेवता मावशी जरा अडखळत म्हणाल्या, "सर, त्या दाराले थोडंसं तेल-बिल द्या लागते काय जी?"

मी पानावरून उठलो, हात धुतले, आणि बाटली घेऊन जाऊन कप्पीला तेल दिलं. परत येऊन बसलो आणि मग माझ्या अंगात प्राध्यापक संचारला. म्हणालो, "मावशी, तुम्ही अजून रोज उठून त्या दाराकडे बघता, हे मला माहीत आहे. आजपासून बघायचं नाही. त्याला हात लावलात तर मी माझा अपमान समजेन."

मावशी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाई भारावली.

"हौ जी," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मी बॅटरी घेऊन गेलो नाही. दुसऱ्याला विश्वास ठेवायला सांगायचं आणि आपणच तपासायला जायचं, हे बरं दिसलं नसतं. शिवाय पोट जड झालं होतं.

सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला नाही, म्हणूनच मी बाहेर गेलो. रोज कोंबड्यांचा आवाज असायचा. खुराड्याचं दार उघडं होतं. अंगणभर पिसं. चार कोंबड्या माना मोडून पडल्या होत्या, दोन नेलेल्या. मावशी खाली बसून पिसं गोळा करत होत्या, आणि शेवंता चौकटीला धरून उभी होती. माणसं जमली.

अशा वेळी माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी गणित केलं. तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. फळीला साडेसहा कोंबड्या लागतात. काल आत किती होत्या? सहा. सातवी कुठे होती?

"मावशी," मी म्हणालो, "सातवी मी खाल्ली."

 मग दयारामदादा शांतपणे म्हणाले, "म्हंजे दारच सरनं खाल्लं."

दोन-चार जण हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं काई नाही चुकलं सर. मीच कापली ना जी."

माझ्यासाठी कापलेल्या कोंबडीचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला, आणि सांगायला लाज वाटते, मला थोडं हलकंही वाटलं. अर्धी चूक त्यांची, अर्धी माझी, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली.

गोष्ट कॉलेजपर्यंत पोचली. तासाला मागच्या बाकावरून एकाने फार नम्रपणे विचारलं, "सर, सुना है आपने दरवाज़ा खा लिया?" मी फळ्याकडे तोंड करून तरफेचा नियम लिहीत राहिलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सायकल मारत लालबर्‍याला गेलो आणि दोन तलंगा घेऊन आलो. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. विकणाऱ्याने शपथेवर तसं सांगितलं होतं. मावशींनी एकेक उचलून उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "सर, हे दोनी कोंबडे व्हय जी. महिन्याभरानं आरवतीन." त्यांचाच रस्सा केला. शेवंताला मुलगी झाली, फार बारीक, रडायलाही दम नसलेली. शेवंताला दूध कमी आलं. महिना-दीड महिना कुंपणापलीकडून ते बारीक रडणं ऐकू यायचं, आणि मी वही उघडून बसलेलो असायचो. पोर जगली. पण पुढे दीड-दोन वर्षं ती चालली नाही, आणि वस्तीत ज्याला त्याला माहीत होतं की का.

माझी नंतर बदली झाली, लग्न झालं, केस गेले. मांसाहार सुटला. लोकांना वाटलं तत्त्व म्हणून. मला ताटात तंगडी दिसली की गणित आठवायचं, साडेसहा वजा सहा.

बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी मलाजखंडला गेलो होतो. तिथे शेवंता भेटली. तिचा जावई तिथल्या खाणीवर नोकरीला होता, ती लेकीकडे राहायला आली होती. केस पांढरे झालेले. चहा घेऊन आली तीच ती लेक, चांगली धट्टीकट्टी, दोन मुलांची आई. मावशी वारल्याला बरीच वर्षं झाली होती. चहाचा कप हातात धरून मी अखेर म्हणालो, की शेवंता, मी ती कोंबडी खायला नको होती.

तिने विचारलं, "कोनती कोंबडी?"

मी सगळं सांगितलं. सातवी कोंबडी, साडेसहांचं वजन. ऐकून ती पदराने तोंड झाकून हसायला लागली.

"अजी सर, कोंबडीचं काय घेऊन बसले? ते दार त कधीच लागत नव्हतं."

"म्हणजे?"

"एक दिवस नाही लागलं. हिवाळा होता ना जी. कोंबड्या पार मांगच्या भिंतीले दाटून बसत. फळी जागची हाले नाही. आई मिलातून आली का हातानं उचले आन् खाली वीट लावे. मंग तुमी बॅटरी घेऊन या. पहाटे तुमी उठाच्या आंधी वीट काढून घे."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"मी म्हनत होती सांग म्हनून. आई म्हने, पोरगं यवढं शिकून आलं, काहून त्याचं मन मोडाचं? तेल द्या म्हनून तिनं सांगून पाह्यलं ना तुमाले. त्या रातीही मी म्हनलं, आई, वीट लाव. तर म्हने, नाही, आज सरनं तेल देलं. सर म्हनते म्हंजे आज लागलंच असन."

 चहा गार झाला होता, तसाच प्यालो.

घरी आलो तरी खात्री पटेना. माझी आठवण कच्ची, तर तिची पक्की कशावरून? म्हणून कागद घेऊन बसलो. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, टोकाला ढकललं तर एका बोटाने हलतं, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. माझ्या दांडीची बिजागरी होती मागच्या भिंतीला. वाळूच्या पिशव्या मी सारख्या अंतराने टांगल्या होत्या, आणि कोंबड्यांना थंडी वाजत होती. तीनदा करून पाहिलं, उत्तर तेच आलं. भिंतीशी दाटून बसून ती फळी उचलायला वीस कोंबड्या लागल्या असत्या, आणि त्या खुराड्यात दहाच्या वर मावत नव्हत्या.