वाघबारशीचा चढ

बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तो नेमका वाघबारशीच्या तोंडावर. त्या दिवशी आमच्या खरवईत घरातला कर्ता पुरुष डोंगराच्या अर्ध्या चढावरल्या वाघोबाच्या दगडापर्यंत जायचा, खिरीचा नैवेद्य दाखवून नारळ फोडायचा आणि वर्षभर आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नकोस असं बिबट्याला सांगायचा. बिबट्यालाही आमच्याकडे वाघच म्हणतात, त्याचीही काही हरकत नसावी. ज्याला चढवत नाही त्याचा नारळ धाकट्या भावाकडे जायचा. आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, शेजारच्याच ओटीवर बसून बाबांचं लंगडणं पाहत होता.

नारळाचा मान हातचा जाऊ नये म्हणून आईने उपाय सुरू केले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प जवळच वसून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. तिथल्या एका दुकानदाराचं तेल चोळून झालं. घरभर वास सुटला, गुडघे होते तसेच राहिले. मग आईने वज्रेश्वरीच्या गरम कुंडांचं काढलं. मी नुकताच अंबरनाथला काडीपेट्यांच्या कारखान्यात लागलो होतो. दिवसभर गंधकाच्या वासात काम करणारा मी, सुट्टी काढून बाबांना घेऊन पुन्हा गंधकाच्याच वासात निघालो.

तिथे कुंडांत कुठे पाणी कोमट होतं, कुठे चटका बसेल असं. कोमट कुंडात म्हातारे बसले होते. त्यांच्यात बसणं बाबांना कमीपणाचं वाटलं. ते थेट सगळ्यात तापलेल्या कुंडात उतरले आणि उकडलेल्या चिंबोरीसारखे लाल होऊन बाहेर आले. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाले, एकदम नवे. गाडीपर्यंत मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून आले, तोही म्हणे मला आधार म्हणून.

वाघबारशीला आम्ही तिघे निघालो. पुढे बाबा, मागे काका, शेवटी खिरीचं भांडं घेऊन मी. पहिल्याच चढाला बाबा थांबले, काठीने जमीन दाखवत म्हणाले की पहाटे इथून वाघ गेलाय, आणि तो माग बारकाईने बघायला खाली बसले. थोडं वर भेकराचा माग निघाला. पुढे रानडुकराने उकरलेली जमीन, तीही बसूनच पाहावी लागली. बाबांना जनावरांची चांगली जाण होती, पण त्या दिवशी डोंगरात जेवढी जनावरं फिरून गेली तेवढी एरवी वर्षभरात फिरत नसतील. मला हसू येत होतं, पण त्यांचा सदरा घामाने भिजला होता.

शेवटची चढण उभी, नुसता कातळ. तिथे बाबांना काही सापडेना. ते काठीवर भार टाकून धापा टाकत राहिले. आता काका पुढे जाणार, असं मला वाटलं, आणि तो गेलाच. चार पावलांवर तो खाली वाकला.

"दादा, यो बग, हितं वाघ बसलेला."

काकाने जन्मात कधी माग ओळखला नव्हता. एकदा म्हशीच्या खुराचा ठसा पाहून तो सांबर म्हणाला होता. त्या कातळावर तर कशाचाच माग उमटला नसता. बाबा तिथवर गेले, त्याच्या शेजारी बसले आणि बराच वेळ दगडाकडे पाहत राहिले. मादी आहे, म्हणाले. काका म्हणाला, बरोबर पिल्लंही असावीत. मग पिल्लं किती, यावर दोघांनी बाबांची धाप खाली बसेपर्यंत वाद घातला.

वाघोबापाशी नैवेद्य दाखवून झाल्यावर बाबांनी नारळ काकापुढे धरला. काकाने हात मागे घेतले. दादा चढून आलाय, नारळ दादाचाच, म्हणाला.

"वाघाचा तुला काय कलत नाय," बाबा म्हणाले. "पन माजा कलते तुला. घे, फोड."

काकाने नारळ घेतला, पण इथे त्याने कधी नारळ फोडलेला नव्हता, पहिले दोन फटके तिरपे बसून वाया गेले. तिसऱ्या वेळी बाबांनी त्याचा हात आपल्या हातात धरला.