दगडावरचे क्रॅडॉक

आपल्या घराण्यात एक चोर होऊन गेला, ही बातमी ग्लेनिस क्रॅडॉकबाई नव्या माणसाला दुसऱ्या वाक्यात देत. पहिलं वाक्य हवेबद्दल असे. जोसाया क्रॅडॉक नावाच्या त्यांच्या मूळपुरुषाने इंग्लंडात कुणाच्या तरी मेंढ्या लांबवल्या, तो पकडला गेला आणि सरकारने त्याला बेड्या घालून टास्मानियाला आणून टाकलं. मेंढ्या नक्की किती, यावर दुमत होतं. मूळ निकालात दोनच होत्या, पण वंशजांची संख्या वाढत गेली तशा मेंढ्याही वाढल्या.

बाईंच्या आजीच्या काळी असं नव्हतं. आजीसमोर 'कैदी' हा शब्द काढला तर ती जेवणाच्या टेबलावरून उठून जायची. आपले पूर्वज स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पेट्या घेऊन आले, असं तिने पाद्रीबाबांनासुद्धा ठोकून दिलं होतं, आणि पाद्रीबाबांचे पूर्वजही तसेच आलेले असल्यामुळे त्यांनी ते मान्य केलं होतं. नातीने उभी हयात दफ्तरखान्यात घालवून आजीला खोटं पाडलं. त्या दिवशी त्यांना झालेला आनंद लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. आता जमाना बदललाय. ज्यांच्या घराण्यात चोर निघत नाही, ती बिचारी माणसं समारंभात कोपऱ्यात बसून केक खातात.

बाईंनी नोकरी केली होबार्टला, दातांच्या दवाखान्याच्या खिडकीमागे. नवरा, बर्नी, लवकर गेला. म्हणजे वर नव्हे, क्वीन्सलंडला, एका केस कापणाऱ्या बाईबरोबर. त्याचं आडनाव बाईंनी त्याच आठवड्यात उतरवून ठेवलं आणि माहेरचं पुन्हा चढवलं. ते चढवलं ते असं, की मग दुसरा उद्योगच उरला नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदी, जहाजांच्या याद्या, गावोगावची थडगी. दात घासायचा जुना ब्रश घेऊन बाई थडग्यांवरचं शेवाळ काढत बसत. क्रॅडॉक वंशज मंडळाचं सगळं काम त्याच करत. अध्यक्ष अर्थातच दुसरा होता.

हे अध्यक्ष लायल क्रॅडॉक. निवृत्त विमा अधिकारी, राहणार लॉन्सेस्टन, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाचं शहर. लॉन्सेस्टनचे असल्यामुळे होबार्टच्या माणसाला अक्कल नसते, हे त्यांना जन्मतःच ठाऊक होतं. त्यांच्या डोक्यात एक दगड आला. सिग्नेट गावच्या चर्चजवळ, जिथे जोसायाने शिक्षा संपल्यावर जमीन कसली, तिथे एक भलामोठा दगड उभारायचा, त्यावर पितळी पाटी, पाटीवर त्याच्या वंशाच्या सगळ्या शाखा. फक्त सिद्ध झालेल्या शाखा. चोराच्या घराण्यात उगाच कुणी सोम्यागोम्या घुसायला नको.

घोडं अडलं ते बाईंच्या शाखेपाशी. त्यांचे पणजोबा एमोस हे आईबापांच्या लग्नाआधीच जन्मले होते, आणि तेही इतके आधी, की बाईंनी कितीही ताणलं तरी तारखा जुळेनात. म्हणून डीएनए. बाईंची तपासणी कधीच झालेली होती. तिच्यात त्या खुद्द लायलसाहेबांच्या दूरच्या बहीण निघाल्या होत्या, याचा दोघांनाही सारखाच त्रास झाला होता.

"ते नातं कुठूनही लागतं, ग्लेनिसबाई," साहेब म्हणाले. "आजीकडून, पणजीकडून. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. ती खूण फक्त पुरुषात असते. शाखेतला एखादा पुरुष आणा."

"मंडळाची थडगी मी घासली. तेव्हा नाही विचारलंत बाई की पुरुष."

"त्याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे. पण नमुना पुरुषाचाच लागेल."

शाखेत पुरुष उरला होता एकच, धाकटा भाऊ नेव्ह. ह्युऑनच्या खोऱ्यात वडिलांची सफरचंदांची बाग सांभाळून होता. लग्न केलं नाही, बोलणं बेताचं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना भरवणं, अंघोळ घालणं सगळं त्याने केलं. बाई रविवारी स्पंज केक घेऊन जात आणि वडिलांना चोराच्या नव्या बातम्या देत.

आता त्या हात धुऊन नेव्हच्या मागे लागल्या. कापूस लावलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत घालायची, टपालात टाकायची. एवढंच.

"नेव्ह, अरे मिनिटाचं काम आहे."

"मग तूच कर की."

"माझं चालत नाही."

"माझंही नाही चालायचं."

बाईंनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. भाऊ बोलायला लागला की अर्धं सोडून द्यायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय.

"चोराचे वंशज आहोत हे सिद्ध करायला एवढी धडपड," नेव्ह म्हणायचा. "पोलिसांना सांग ना. ते फुकट करतील."

असं दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी लायलसाहेबांचा फोन आला, की पाटी ओतायला जायची आहे, आपली शाखा वगळावी लागतेय, फार वाईट वाटतं. वाईट वाटल्याचं आवाजावरून काही कळलं नाही. बाई तशाच गाडी काढून बागेत गेल्या, नेव्हच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि रडल्या. बर्नी गेला तेव्हा रडल्या नव्हत्या. नेव्ह दारातून आत आला. मग त्याने हात धुतले, काडी उघडली, दोन्ही गालांतून फिरवली आणि नळी त्यांच्यापुढे ठेवली.

"निकाल तुझा तू बघ. मला वाचून दाखवू नकोस," तो म्हणाला. "आणि लायलला पाठवायच्या आधी एकदा चहा घे, ग्लेन. शांतपणे घे."

निकाल आला. नेव्हशी जुळणाऱ्या पुरुषांत क्रॅडॉक औषधालाही नव्हता. ओळीने सगळे पिकेट. नमुन्यांची अदलाबदल झाली, असं बाईंनी ताबडतोब ठरवलं आणि प्रयोगशाळेला झणझणीत पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता पिकेट हे नाव आपण ऐकलंय, असं त्यांना वाटलं. मग मात्र त्यांनी चहा केला.

टेड पिकेट. सफरचंदं भरायच्या शेडमधला मुकादम. आई त्याच शेडमध्ये फळं कागदात गुंडाळायच्या कामाला होती. नेव्हच्या जन्माआधीच्या त्या वर्षी वडील वर डोंगरात, विजेच्या धरणावर कामाला होते आणि कधीमधीच घरी येत. पुढे याच टेडने नेव्हला एकदा सायकल आणून दिली होती, वाढदिवस नसताना, नाताळ नसताना. आपल्याला का नाही, म्हणून ग्लेनिसने महिनाभर तोंड फुगवलं होतं. जगातल्या सगळ्या क्रॅडॉकांच्या लग्नाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या बाईंना ही सायकल आजवर दिसली नव्हती.

गंमत अशी की त्यांची शाखा अस्सल होती. बाई स्वतः लायलसाहेबांशी जुळत होत्या, बाईंच्या आईच्या आणि आजीच्या माहेरचं लॉन्सेस्टनकडे कुणीच नव्हतं, म्हणजे हे रक्त वडिलांकडूनच आलेलं. नेव्हचा निकाल जोडून, तो फक्त आईकडूनच आपला भाऊ आहे, एवढं समजावून सांगितलं असतं, तर साहेबांनाही मान तुकवावी लागली असती. पितळेत नाव लागलं असतं. फक्त त्यासाठी आई, टेड आणि नेव्ह यांना साहेबांच्या हवाली करावं लागलं असतं, आणि साहेबांना पडद्यावर बाण काढून समजावून सांगायची भारी हौस.

बाई बागेत गेल्या. नेव्ह झाडांवरची जास्तीची फळं खुडत होता.

"तुला माहीत होतं."

"आईने सांगितलं. जाताना."

"आणि बाबांना?"

"त्यांनी मला कलमं बांधायला शिकवलं. बाग माझ्या नावावर केली. वर आणि विचारू कशाला?"

"मग मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं माझा जीव टांगून ठेवलास."

"तू जन्मभर उकरतच आलीस. म्हटलं, आईचं तेवढं राहू दे." त्याने हातातलं फळ टोपलीत टाकलं. "तुझं नाव लागणार असेल तर पाठव. त्या दिवशी मी मासे धरायला जाईन."

बाईंना स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने बापाला शेवटपर्यंत भरवलं, त्याच्याकडे आपण बापाचा पुरावा मागत होतो. त्यांनी टोपली ओढली आणि त्याच्याबरोबर फळं खुडायला घेतली. बोलायची सवय त्यांच्या घरात कुणालाच नव्हती.

समारंभाच्या दिवशी चर्चमागे तंबू पडला. शिंपल्यांचं सारण भरलेल्या पॅटिस, भाजलेले सॉसेज, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि छातीवर आपापल्या शाखेचा बिल्ला लावलेले चोराचे वंशज. नेव्ह मासे धरायला गेला नव्हता. बाईंनी त्याला खुर्च्या मांडायला बोलावलं होतं.

लायलसाहेबांनी माइक धरला. "एमोसच्या शाखेसाठी, ग्लेनिसबाईंच्या विनंतीवरून, पाटीवर आपण अजून जागा राखून ठेवली आहे. ग्लेनिसबाई, निकाल आला का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खुर्च्यांच्या थप्पीपाशी उभा असलेला नेव्ह जमिनीकडे बघत होता. बाई पुढे गेल्या आणि त्यांनी माइक घेतला.

"निकाल नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी भावाच्या विनवण्या केल्या. गालात काडी फिरवून घेत नाही म्हणजे नाही. असला हट्टी माणूस दुसऱ्या कुठल्या घराण्यात मिळेल असं मला वाटत नाही. अगदी बापावर गेलाय."

तंबूत हशा पिकला. "बाप तर याच्याहून हट्टी होता," पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ग्वाही दिली.

"मग आपल्याला जागा मोकळी सोडावी लागेल," साहेब म्हणाले.

"सोडा."

कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या. पितळी पाटीवर सगळ्या शाखा होत्या. एका जागी नुसतं पितळ होतं. बाईंनी आयुष्यभर शेवाळ काढून जमवलेलं सगळं घराणं त्या जागेच्या डावी-उजवीकडे बसलं होतं. त्या मागे, खुर्च्यांच्या थप्पीपाशी आल्या.

"पुराव्याशिवाय आज पहिल्यांदाच बोललीस," नेव्ह हळूच म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"खुर्च्या उचल, क्रॅडॉक," बाई म्हणाल्या.