चौथ्या रिंगणातली साडूची वाळू

साडू चांगला निघाला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाईट साडू असला की माणसाचं आयुष्य मजेत जातं. दिवाळीला सासुरवाडीत जमल्यावर त्याच्या शेजारी नुसतं बसलं तरी आपण चार बोटं उंच दिसतो. माझा साडू धाकट्या मेहुणीचा नवरा, म्हणजे नात्याने माझ्यापेक्षा लहान. बाकी सगळ्याच बाबतींत मोठा. लातुरात त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. निलंग्याला सासऱ्यांकडे गेला की तो चहा यायच्या आत घड्याळ चालू करायचा, हातपंपाचा वायसर बदलायचा आणि सासूबाईंच्या शिवणयंत्राला तेल देऊन हात धुवायचा. मी तोवर पेपर वाचत असे. मोठ्याने.

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. जुन्या जिल्ह्याकडून कागदांचे गठ्ठे येऊन पडले होते, ते लावायचं काम माझ्याकडे. एका गठ्ठ्यात नकाशा सापडला. गावाबाहेरचा पालिकेचा माळ, त्यावर नऊ ठिपके आणि खाली वळणदार अक्षरात 'गोल्फ मैदान'. मी तो नकाशा तीनदा वाचला. आमच्या नांदेडलासुद्धा गोल्फ नव्हतं.

त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलात मी ही बातमी जशी रंगवून सांगितली, तशी नाटकातसुद्धा कुणी सांगितली नसेल. नवा जिल्हा झाल्यापासून गावाला काय काय पाहिजे याची यादी जो तो करतच होता. त्यात गोल्फ बसलं.

"पण आहे कुठं ते मैदान?" जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले. आम्ही दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माळभर वेड्या बाभळी, टँकरच्या चाकांच्या चाकोऱ्या, आणि जिथे कधीकाळी साहेब लोक काठी घेऊन उभे राहत असतील त्या उंचवट्यावर शेळ्या.

डाळमिलवाले अप्पा म्हणाले, "प्यायला पाणी न्हाई, आन् गवताला कुठून घालता?"

माझं गोल्फ सुरू होण्याआधीच संपलं असतं. तेवढ्यात पालिकेचे एक निवृत्त रखवालदार, ज्यांना सारं गाव चाचा म्हणायचं, ते हसले. तरुणपणी त्यांनी याच माळावर साहेबांच्या काठ्या वाहिल्या होत्या. "गवत कब था हो इथं?" ते म्हणाले. "तेल-वाळू होती."

मग त्यांनी समजावलं. गोट्या खेळताना पोरं जमिनीत करतात तशी एक गल, म्हणजे छोटा खड्डा. तिच्याभोवती दहा-बारा पावलांचं वाळूचं रिंगण. वाळूत तेल मुरवायचं आणि रूळ फिरवायचा, म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. पाण्याचा थेंब लागत नाही. खेळून झालं की दंताळं घेऊन उलट्या पावलांनी मागे सरकत आपल्या पायांचे ठसे पुसायचे. "ज्याचे पाय त्यानंच पुसायचे," चाचा म्हणाले. "कलेक्टर असला तरी नोकराला नक्को सांगायचं."

आम्ही नऊ जण जमलो आणि चिठ्ठ्या टाकून नऊ रिंगणं वाटून घेतली. चौथं मला. पाचवं साडूला. त्याला मी बोलावलेलंही नव्हतं. बाभळी उपटायला साखळदंड लागला म्हणून अप्पांनी बोलावलं होतं.

चाचांनी एक गोष्ट ठरवून दिली. ज्या दिवशी मैदान सुरू होईल त्या दिवशी ते स्वतः नऊही रिंगणांवर चेंडू सोडून बघतील. ज्याच्या रिंगणावर तो सरळ गलीत जाईल, पहिला फटका त्याचा.

तो फटका मला हवा होता. नकाशा मी शोधला होता, आणि त्या दिवशी निलंग्याहून सासरे येणार होते. हातपंप दुरुस्तीपलीकडची एक तरी गोष्ट या घरात मोठी असू शकते, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं अशी माझी फार इच्छा होती. मी घरी छत्री उलटी धरून आरशासमोर सराव सुरू केला.

"आवं, आरसा फुटंल," बायको म्हणाली. "दाजीकडून शिकून घ्या की. त्यांचा हात बसला म्हणं."

दाजीचा, म्हणजे साडूचा, हात खरंच बसला होता. दर रविवारी सकाळी आम्ही माळावर जमायचो आणि दर रविवारी तो काहीतरी नवं करून आणायचा. जुन्या पिंपात दगड भरून रूळ केला, तो नऊही रिंगणांना पुरला. गॅरेजातलं जळकं ऑइल आणलं, ते सगळ्यांना वाटलं. त्याचं पाचवं रिंगण तव्यासारखं काळंभोर आणि सपाट झालं. लोक माळ बघायला येऊ लागले होते, आणि आल्या आल्या विचारायचे, "ते गॅरेजवाल्याचं कुठलं?" नकाशाबद्दल कुणी विचारत नव्हतं. मी तो खिशात घेऊन हिंडत होतो.

त्याचं ऑइल घ्यायचं नाही हे मी ठरवलं. मार्केटातल्या ओळखीच्या तेलगिरणीत करडीच्या टाकीचा तळचा गाळ टाकून देत होते. तो मी दोन पिंपं आणला आणि माझ्या वाळूत मुरवला. काय सांगू, रिंगण मधासारखं दिसायला लागलं. चेंडू सोडला तर लोण्यावरून गेल्यासारखा गेला. बाकीची आठ काळी आणि माझं एक सोनेरी. हेडमास्तरांनी शाळा आणून दाखवली.

साडू आला, उकिडवा बसला, चिमूटभर वाळू उचलून वास घेतला.

"साडूभाऊ, करडीचं हाय का?"

"हो. का?"

"न्हाई, पर..."

"पर काय?"

"काय न्हाई. रंग झ्याक आलाय."

तो 'पर' मी घरी नेला आणि बायकोला तीनदा करून दाखवला. "जळला," मी म्हणालो. "आयुष्यात पहिल्यांदा जळला." तो आठवडा माझ्या संसारातला फार सुखाचा आठवडा होता.

मग ऊन चढलं. मैदान सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना मी दंताळं मारलं, तर टक्क आवाज आला. रिंगणाची एक बाजू लिंबाच्या सावलीत होती, ती मऊ होती. उन्हातली बाजू फरशीसारखी घट्ट झाली होती. चेंडू सोडला, तो गलीवरून टणटण उड्या मारत बाभळीत गेला.

नेमके त्याच सकाळी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, सासरे आले आणि पिशवीसकट थेट माळावर. त्यांनी काठीने माझं रिंगण ठोकून पाहिलं.

"जावईबापू, हे करडीचं तेल?"

"हो मामा."

"आमच्याकडं चामड्याच्या मोटंला लावत होते हे. लावायचं आन् उन्हात ठेवायचं. वाळून असं कडक होतंय, पाण्याचा थेंब आत शिरत न्हाई." मग विचारात पडल्यासारखे म्हणाले, "नांदेडला मोटा नव्हत्या का?"

मी कचेरीत मोटांची नोंद केली असती. मोट हाताने कधी धरली नव्हती. साडू शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही लई खुशीत होता, साडूभाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टिकाव घेऊन आला. मी नको म्हणालो. त्याने ऐकलं नाही. दोघांनी मिळून उन्हातली बाजू फोडली, पापडासारखे तुकडे निघाले. तेवढी वाळू भरायला नवी मुरवलेली वाळू कुठे होती? त्याने पाचव्या रिंगणातली वरची वाळू घमेल्याने उपसली आणि माझ्यात टाकली. त्याच्यात खालचे खडे वर आले. मी थांबा म्हणालो नाही. रूळ फिरवल्यावर चौथं रिंगण अर्धं सोनेरी, अर्धं काळं झालं. मग त्याने दंताळं घेतलं आणि उलट्या पावलांनी मागे सरत आपले ठसे पुसले, इतके स्वच्छ, की तिथे फक्त माझेच पाय उठलेले राहिले.

मैदान सुरू व्हायच्या दिवशी चाचा पांढरा सदरा घालून आले. पहिल्या रिंगणापासून चेंडू सोडत निघाले. पाचव्यावर चेंडू खड्याला लागून वाकडा झाला. आठव्यावर हेडमास्तरांचा गलीच्या काठावर थांबला. नऊपैकी एकट्या चौथ्यावरच तो सोनेरी वाळूतून काळ्या वाळूत शिरला आणि सरळ गलीत पडला.

"पहिला फटका चौथ्यावाल्याचा," चाचा म्हणाले.

त्या वेळी काय करायला पाहिजे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. काठी त्याच्या हातात द्यायची आणि चारचौघांत सांगायचं, की घरंगळला तो तुमच्या वाळूवरून. भाषणं करायला मी एरवी कारण शोधत असतो. त्या दिवशी कारण समोर उभं होतं, खाकी पँट घालून, हात पुसत. मी काठी घट्ट धरली.

पहिल्यांदा हवेतच मारली. दुसऱ्यांदा चेंडू लागला आणि पन्नासेक पावलांवर टँकरच्या चाकोरीत जाऊन पडला. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. सगळ्यांत मोठी टाळी साडूची होती. ती टाळी मी त्याला अजून माफ केलेली नाही.

एवढी वर्षं मी वाट पाहतोय, की वाळू त्याची होती, हे त्याने एकदा बोलून दाखवावं. भांडणात म्हणावं, टोमण्यात म्हणावं, निदान त्याच्या बायकोने माझ्या बायकोला म्हणावं. म्हणजे मला उत्तर देता येईल. उत्तर मी कधीचं तयार ठेवलंय. पण दिवाळीला निलंग्यात पंगत बसली की सासरेच मुद्दाम काढतात, "काय हो, त्या गोल्फचा पहिला फटका कुणाचा होता?"

"साडूभाऊंचा," तो म्हणतो, आणि माझ्या ताटात अनारसा वाढतो.