शिवण्णाच्या ट्रॅक्टरची गळती

आमची आत्या ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करायची, पण दुकानात पाऊल टाकण्याआधी गिऱ्हाइकाला चपला काढाव्या लागत. चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत, दुकानाच्या पायरीखाली, चिखलाने माखलेल्या वहाणांची रांग लागलेली असे. नवखा माणूस आत कुणा स्वामींचा मठ असेल असं समजून हात जोडूनच शिरायचा. एकाने तर नारळ आणला होता. आत्याने त्याचा पंप दुरुस्त करून दिला आणि नारळाची चटणी करून आम्हाला घातली. "देव धूळ चालवून घेतो," ती म्हणायची, "पंप नाही चालवून घेत. एक कण आत गेला की पुन्हा डिझेल गळायला लागतं."

आमचं घराणं शिंप्यांचं. म्हैसूरला येऊन इतक्या पिढ्या झाल्या की कुठून आलो हे विठ्ठलालाच ठाऊक. आत्याला मात्र काज करतानाही सुई बोचायची. तिचं सगळं लक्ष आजोबांच्या शिलाई मशीनच्या पोटात. मशीन उघडायची, पुसायची, पुन्हा जुळवायची. पुढे गावाबाहेरच्या एका पंपाच्या कारखान्यात ती काम शिकली, आणि आजोबा गेल्यावर ते जिथे कापड बेतायचे त्याच पुढच्या खोलीत तिने दुकान मांडलं. लग्न राहूनच गेलं. आधी भावांची शिक्षणं होती, नंतर कुणी विषय काढला की ती हात पुढे करून म्हणायची, "हा वास घ्या आणि मग स्थळ सांगा." गावात तिला सगळे पंपअक्का म्हणत.

तिचं आवडतं वाक्य होतं, "सुम्ने आवळू नको." सुम्ने म्हणजे उगाच, आमच्या मराठीत असे कानडी शब्द पोहता पोहता आत आले आणि राहिले. पंप ठिबकायला लागला की शेतकरी काय करतो, तर सगळ्यात मोठा पाना घेऊन नट आवळतो, आटे घालवतो, आणि मग धार लागली की अक्काकडे येतो. आत्या शांतपणे नट सोडवायची, जागा पुसायची, तांब्याचं नवं वॉशर घालायची आणि मनगटाने बेताचं फिरवायची. हे वाक्य तिने घरातही सगळीकडे लावलं होतं. आई लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत असो, माझी वेणी घालत असो, नाहीतर बाबा मला परीक्षेवरून बोलत असोत, आतून आवाज यायचा, "सुम्ने आवळू नको."

तिने थांबवलेली गळती पुन्हा सुरू झाली असं कधी झालं नव्हतं. म्हणूनच शिवण्णाचं प्रकरण तिच्या जिवाला लागलं. हा म्हैसूरजवळच्या वरुणा गावचा शेतकरी, ऊस आणि भात करणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पंपाच्या तोंडाशी पाइप बसतो तिथून त्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल ठिबकायचं. आत्याने वॉशर बदललं, इंजिन चालवून पाहिलं, सगळं कोरडं. तरी काही दिवसांनी स्वारी पांढराशुभ्र शर्ट घालून पुन्हा दारात हजर. "मेडम, पुन्हा गळतंय." सगळं गाव अक्का म्हणत असताना हा एकटाच मेडम का म्हणतो, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

आत्याने नट बदलला, पाइप बदलला, बसायची जागा घासून घेतली. शिवण्णा बाजूला अनवाणी उभा राहून निवांत बघत असायचा. काम लांबलं तरी त्याची तक्रार नसे. आत्या मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. डोळे तपासून आली. जेवताना स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायची. एक दिवस बाबांना म्हणाली, "दत्तू, माझ्या हातात आता राहिलं नाही रे. दुकान बंद करावं म्हणते." बाबांचा घास हातातच राहिला.

शेवटी ट्रॅक्टर शेतात कसा चालतो, कुठे हादरे बसतात, हे बघायचं म्हणून ती माझ्या स्कूटरवर बसून वरुणाला आली. शिवण्णा डेअरीत दूध घालायला गेला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने आम्हाला कॉफी दिली. आत्याने ट्रॅक्टरची चौकशी केली तशी म्हातारी म्हणाली की ट्रॅक्टर उत्तम आहे, एरवी थेंबभरसुद्धा गळत नाही. फक्त म्हैसूरला जायचं असलं की मुलगा सकाळी बॉनेट उघडतो, पाना फडक्यात गुंडाळतो, ओरखडा पडू नये म्हणून अगदी जपून नट जरा ढिला करतो, आणि मग आंघोळ करून पांढरा शर्ट घालतो. "नव्या ट्रॅक्टरना असं करावं लागतं का?" तिने भाबडेपणाने विचारलं.

मी हसू दाबायला तोंडाला कप लावला. आत्याने आपला कप खाली ठेवला.

शिवण्णा सायकलवरून आला तो आम्हाला बघून फाटकातच थबकला. आत्या उठून त्याच्यासमोर गेली. मला वाटलं, आता लग्नकार्याचं काहीतरी बोलणं होणार. पण ती कानडीत जे बोलली त्यात प्रेमाचा पत्ताच नव्हता. "मी माझ्या हातांवर संशय घेतला, डोळ्यांवर घेतला, दुकान बंद करायला निघाले होते, तुम्ही माझं काम खोटं पाडलंत," असं ती म्हणाली. शिवण्णाची मान खाली गेली. त्याने हे असं होईल असा विचारच केला नव्हता.

"तुमच्याकडे यायला माझ्याजवळ दुसरं काही काम नव्हतं, मेडम," तो म्हणाला.

 आत्या पदर खोचत म्हणाली, "काम नसताना यावं."

आणि तो यायला लागला. दुकानात कोपऱ्यात बसायचा, नट-बोल्ट डिझेलमध्ये धुवून द्यायचा. लग्नाचं ठरवलं ते आत्यानेच. बाबा बिथरले. या वयात, आणि तेही जातीबाहेर? देवळातली माणसं काय म्हणतील? भाषेचं काय? आत्या म्हणाली, "आपल्या घरात तरी मराठी कुठे उरलीय? 'सुम्ने' म्हटल्याशिवाय तुझं एक वाक्य पुरं होत नाही. आणि दत्तू, मी विचारायला नाही आले, सांगायला आले." बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. रजिस्टर लग्नाला आले, सही केली, पण बोलले नाहीत.

ती निघाली त्या दिवशी शिवण्णाने ट्रॉली आणली. आत्याचं कामाचं टेबल, पेट्या, हत्यारं, सगळं चढलं. आम्ही दारात उभे राहिलो. बाबा आत पेपर वाचत होते. ट्रॅक्टर सुरू झाला तसे ते इस्त्रीच्या ऑफिसच्या कपड्यांत बाहेर आले, कुणाला काही न सांगता ट्रॉलीत चढले आणि टेबल धरून बसले. "टेबल हलेल म्हणून," एवढंच म्हणाले. वरुणापर्यंत तसेच गेले.

संध्याकाळी बसने परत आले. आईने पानं वाढली. बाबांनी भात कालवला आणि म्हणाले, "घरात कुणीच नाही असं वाटतंय."

आम्ही सगळे त्यांच्यासमोरच बसलो होतो.